नट कार्सिनोमा: क्लिनिकल ट्रायलसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

नट कार्सिनोमा हा एनयूटीएम१ नावाच्या जनुकाच्या फेरजुळणीमुळे होणारा दुर्मिळ, झपाट्याने वाढणारा कर्करोग. डोके-मानेच्या भागात तो बहुधा नाकाच्या पोकळीत किंवा सायनसमध्ये होतो आणि काही आठवड्यांतच हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीची, चौकशी केमो सुरू होण्याआधीच करावी. काही ट्रायलमध्ये आधी उपचार न झालेलेच रुग्ण चालतात, काहींत उलट पहिला उपचार निष्फळ ठरलेला असावा लागतो. मात्र चौकशीपायी ठरलेला उपचार लांबवू नका.

सगळ्यात आधी निदानाचा पुरावा बघितला जातो. रिपोर्टवर 'पुअरली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस कार्सिनोमा' (कर्करोगाचे एक ढोबळ नाव, त्यावरून नट कार्सिनोमा सिद्ध होत नाही) एवढेच असेल, तर अर्ज तिथेच अडतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (ऊतकातली प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी) निम्म्याहून अधिक ट्यूमर पेशींच्या केंद्रकांत नट प्रथिनाचे ठिपके दिसावे लागतात, नाहीतर फिश किंवा आरएनए सिक्वेन्सिंग या जनुकीय तपासण्यांमध्ये एनयूटीएम१ जनुकाची फेरजुळणी. बाकीच्या अटी साधारण ठरलेल्या: ईकॉग (रुग्ण किती सक्रिय आहे ते मोजणारी श्रेणी) ० किंवा १, म्हणजे रुग्ण हिंडता-फिरता हवा, स्कॅनवर किमान १० मिमीची गाठ, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) असेल तर आखूड व्यास १५ मिमी, रक्तपेशी, किडनी, लिव्हर ठीक.

अर्जासोबत ओळखपत्र, पॅथॉलॉजी रिपोर्ट, आतापर्यंतच्या उपचारांचा तारीखवार गोषवारा, चालू औषधांची यादी आणि स्कॅन द्या. स्कॅनची सीडी डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांचा प्रकार) फाइल्सची हवी; फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो मोजमापाला चालत नाहीत.

खरी रखडपट्टी ब्लॉकपाशी, म्हणजे मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या ऊतकापाशी, होते. मूळ लॅबकडे लेखी अर्ज करून ट्यूमर सर्वाधिक असलेला पॅराफिन ब्लॉक मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून बघा. 'ए१'ऐवजी 'ए२' आला की त्यात कधी नुसते निरोगी ऊतक निघते. लॅब ब्लॉक देत नसेल, तर न रंगवलेले काप कोटेड (ऊतक चिकटून राहावे म्हणून लेप दिलेल्या) स्लाइडवर घ्या. साध्या काचेवरचे काप तपासणीत सुटून वाहून जातात. हाडासकट घेतलेली बायोप्सी आम्लात मऊ केली असेल, तर आरएनए खराब झालेला असतो, तेव्हा तसे आधीच सांगा. पार्सल उन्हात ठेवू नका, मेण वितळते.

कागद पटले की संमतीपत्र. ते घरी नेऊन वाचा, मगच सही करा. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. सहीनंतर स्क्रीनिंगच्या चाचण्या होतात, त्यांना बहुधा २८ दिवसांची मुदत असते. ती उलटली तर स्कॅन पुन्हा करावा लागतो. नाकारले गेलात, तर कारण लेखी मागून घ्या: नुसते हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते सुधारून पुन्हा स्क्रीनिंग करता येते का, ते ट्रायल समन्वयकाला विचारा.