पुण्याचे सायकल ट्रॅक पदपथावर कसे चढले

सायकल ट्रॅक मोकळे दिसले की पुण्यात लगेच निष्कर्ष निघतो: लोकांना सायकल चालवायचीच नाही. सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, गणेशखिंड रस्ता यांच्या कडेला गेल्या दोन दशकांत जे बांधलं गेलं, त्याचा इतिहास पाहिला तर हा निष्कर्ष टिकत नाही.

सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती त्या काळात वेगळ्या ट्रॅकची गरज कोणाला भासली नाही. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच असत. धास्ती असायची ती दिवा नसल्याची आणि डबलसीट पकडले जाण्याची. १९७२ मध्ये लूना आली, स्कूटरचं नंबर लावून वाट पाहणं हळूहळू संपलं, १९९१ नंतर दुचाकी हप्त्यावर मिळू लागल्या आणि सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला ढकलली गेली.

ट्रॅकची खरी गोष्ट सुरू होते डिसेंबर २००५ मध्ये, शहरांना सुविधांसाठी पैसे देणाऱ्या केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेपासून. पाठोपाठ २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांचा विचार करून वाटावी, असं ते म्हणत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे स्वतःची राखीव लेन असलेली जलद बससेवा, धावली. अशा मार्गांच्या आराखड्यात बसच्या लेनबरोबर पदपथ आणि सायकल ट्रॅकही धरलेले असत. म्हणजे ट्रॅक कुठून जाणार हे बसमार्गाने ठरवलं. शाळा, क्लास, मंडई, कंपन्या यांकडे सायकलवर जाणारे लोक कुठून येतात, हे पाहून मार्ग आखण्याचं काम मागेच राहिलं.

तरीही मार्गापेक्षा मोठं नुकसान केलं ते ट्रॅकच्या पातळीबद्दलच्या निर्णयाने. ट्रॅक गाड्यांच्या डांबरी रस्त्याच्या पातळीवर ठेवून मध्ये दुभाजक घालायचा, की उचलून पदपथाला जोडायचा? सायकलस्वारांच्या गटांचा आग्रह पहिल्या पर्यायाचा होता. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असा, की खाली ठेवलेल्या ट्रॅकमध्ये दुचाकी घुसणार, रिक्षा थांबणार, आणि गाड्यांची एक लेन कमी होणार. यातली घुसखोरीची भीती खोटी नव्हती. पण लेन कमी न करण्याचा हट्ट निर्णायक ठरला, असं माझं मत आहे. बहुतेक ठिकाणी ट्रॅक वर गेला आणि त्याची रुंदी पादचाऱ्यांच्या वाट्यातून निघाली. तेव्हापासून सायकलस्वार आणि पायी चालणारे एकमेकांच्या वाटेत उभे आहेत, आणि दोघांच्या तक्रारी एकमेकांविरुद्धच येतात.

पदपथावर चढल्यामुळे ट्रॅकला पदपथाचे सगळे भोग लागले. दर सोसायटीच्या गेटपाशी आणि दुकानाच्या पार्किंगपाशी तो खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. मध्येच विजेची डीपी पेटी, जाहिरातीचा खांब, बसथांबा, झाडाचं आळं. डांबराऐवजी पेव्हर ब्लॉक, कारण खालून केबल आणि नळ जातात आणि ब्लॉक उचलून परत बसवता येतात. ते परत नीट बसतात का, हे खोदाई झालेल्या कुठल्याही कडेला जाऊन पाहावं. दुचाकी अडवायला लावलेल्या खांबांमध्ये दुधाचे कॅन लावलेली सायकल अडकते. आणि चौक आला की ट्रॅक संपतो. डावीकडे वळणाऱ्या गाड्यांसमोर सायकलस्वार नेमका तिथे उघडा पडतो.

हे सगळं मार्गदर्शनाअभावी घडलं, असं म्हणायलाही जागा नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचं सायकल ट्रॅकविषयीचं मूळ मानक १९६२ चं आहे. दोन सायकलींसाठी किमान २ मीटर रुंदी, शक्यतो कर्ब (कडेचा उंच कठडा) टाळावा, आणि पृष्ठभाग व दिवे मुख्य रस्त्याइतके किंवा त्याहून चांगले असावेत म्हणजे सायकलस्वार आपणहून तिकडे येतील, हे त्यात सांगितलेलं आहे. मोटारगाड्यांची संख्या ताशी २०० च्या वर गेली, तर ताशी १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो, असंही ते म्हणत होतं. ‘सायकली आहेत कुठे?’ असं विचारणाऱ्यांनी हा आकडा वाचायला हवा होता.

२०१६ मध्ये शहराने रस्तेरचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आणि जंगली महाराज रस्त्याची कड नव्याने घडवली. चालणाऱ्यांसाठी तो बदल खरोखरच सुखाचा होता. सायकल मात्र वरच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात शहरभराचं ८०० किलोमीटरहून मोठं जाळं होतं, आणि सुटे तुकडे जोडण्याचा विचार पहिल्यांदाच इतक्या सविस्तरपणे मांडलेला होता. पण त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या सायकली आल्या आणि सगळं लक्ष त्यांच्या रंगांकडे गेलं. त्यातली एक परदेशी कंपनी २०१८ च्या मध्यात देशातूनच निघून गेली. सायकली उतरवणं आठवड्याचं काम असतं. चौकातून ट्रॅक पार नेणं वर्षांचं, आणि ते मागे पडलं.

२०२० मध्ये केंद्राच्या स्पर्धेनिमित्त देशातल्या अनेक शहरांनी प्लास्टिकचे शंकू आणि रंगाचे पट्टे वापरून तात्पुरत्या सायकल लेन आखून पाहिल्या. निवड झालेल्या शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही होती. शंकू ठेवून घेतलेली चाचणी रस्त्याच्या पातळीवरच होते, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी हलवता येते. पुण्यात त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मेट्रोसाठी पाडले गेले आणि गणेशखिंड रस्त्याची आखणी पुन्हा कागदावर आली. सायकल कोणत्या पातळीवर चालावी, हा २००६ मधला प्रश्न त्या रस्त्यापुरता तरी नव्याने सोडवता येण्यासारखा होता. चर्चा मात्र झाली ती नव्या पुलाच्या मजल्यांची आणि गाड्यांच्या लेनची.