कोडिंग न येणाऱ्यांसाठी इंटरॅक्टिव्ह लेखांची टूल्स

इंटरॅक्टिव्ह लेख म्हणजे असा लेख ज्यातले आकडे वाचकाला स्वतः हलवून बघता येतात. समजा गृहकर्जावर लेख आहे, ३० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के, तर महिन्याचा हप्ता येतो साधारण २६ हजार. छापील लेख इथंच थांबतो. इंटरॅक्टिव्ह लेखात तिथंच एक स्लायडर असतो, तो साडेनऊवर सरकवला की हप्ता २८ हजाराच्या जवळ जातो आणि खालच्या वाक्यातला आकडाही बदलून दाखवतो की २० वर्षांत एकूण व्याज साडेचार लाखांपेक्षा जास्त वाढलं, मग वाचक स्वतःच्या कर्जाची रक्कम टाकतो आणि तिथून पुढं लेख त्याच्या घरचा हिशोब होतो. पूर्वी असं काही करायचं तर प्रोग्रामर लागायचाच. पत्रकार, शिक्षक, संशोधक यांना कोड न लिहिता (किंवा अगदी थोडा लिहून) हे करता यावं म्हणून जी टूल्स आली त्यांची ही नोंद.

या कल्पनेला नाव आणि जोर मिळाला २०११ मध्ये, अमेरिकन डिझायनर ब्रेट व्हिक्टर यांनी ‘एक्स्प्लोरेबल एक्स्प्लनेशन्स’ हा निबंध लिहिला तेव्हा. त्यांचं म्हणणं असं की वाचकाने लेखकाचं गृहीतक तपासून बघायला हवं, ते बदललं तर निष्कर्ष कसा बदलतो हे बघायला हवं. त्यासाठी त्यांनी टँगल नावाची छोटी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) पण दिली, तिचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ३ कुकीज खाल्ल्या तर १५० कॅलरी, त्यातला ३ माऊसने ओढला की कॅलरी बदलतात. साधं वाटतं पण सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. अडचण एवढीच की टँगल वापरायला जावास्क्रिप्ट ही वेब पानांची प्रोग्रामिंग भाषा यावी लागायची. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने हिमस्खलनावरचा, मजकुरातच व्हिडिओ आणि हलते नकाशे गुंफलेला ‘स्नो फॉल’ हा लेख काढला आणि जगभरच्या न्यूजरूमना तसंच काहीतरी हवं झालं, पण तेवढी मोठी टीम कोणाकडे होती?

ही गरज पहिल्यांदा भागवली चार्टच्या टूल्सनी. डेटारॅपर २०१२ मध्ये जर्मनीत पत्रकारांसाठीच सुरू झालं, आज त्याची कंपनी बर्लिनमध्ये आहे. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून पेस्ट करायचा, रकाने तपासायचे, चार्टचा किंवा नकाशाचा प्रकार निवडायचा, पब्लिश करून मिळणारा एम्बेड कोड (त्यांच्या सर्व्हरवरचा चार्ट आपल्या पानात दाखवणारी तयार ओळ) लेखात टाकायचा, संपलं. लंडनचं फ्लरिश जास्त अॅनिमेशनवालं, २०१९ च्या सुमारास सोशल मीडियावर त्या धावणाऱ्या पट्ट्यांच्या ‘बार चार्ट रेस’ दिसायच्या त्यातल्या बऱ्याच याच्या टेम्प्लेटवर बनलेल्या, २०२२ मध्ये ते कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने विकत घेतलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं टाइमलाइनजेएस तर गूगल शीटमध्ये तारीख, मथळा, फोटो भरले की कालपट तयार करून देतं, शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पाला यापेक्षा सोपं काही नाही.

पण खरं सांगायचं तर चार्ट चिकटवला म्हणून लेख इंटरॅक्टिव्ह होत नाही. मजकूर एकीकडे, चार्ट त्याच्या चौकटीत, दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. ही दरी भरायचा सगळ्यात विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे आयडिल. वॉशिंग्टन विद्यापीठातले मॅथ्यू कॉन्लेन आणि जेफ्री हीर यांनी त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये मांडला. आयडिलमध्ये लेख साध्या मजकुरासारखाच लिहायचा, मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मथळे, ठळक अक्षरं दाखवायची लेखनपद्धत) येत असेल तर बरंचसं येतंच, आणि जिथं हालचाल हवी तिथं चौकोनी कंसात सांगायचं की हा एक चल आकडा, हा त्याचा स्लायडर, इथं त्याची किंमत दाखव. मग एकाच आकड्याला वाक्य, चार्ट आणि स्लायडर तिन्ही बांधले जातात, एक बदललं की बाकीचे आपोआप बदलतात. वर दिलेला कर्जाचा लेख असा पाच-सहा ओळींच्या जोडणीत बनतो. तरी कंस बघून घाबरणारे लोक उरलेच, त्यांच्यासाठी २०२१ मध्ये आयडिल स्टुडिओ मांडला गेला, म्हणजे लेख जसा दिसणार तसाच समोर ठेवून एडिट करायचा. नवीन प्रकारचा घटक हवा असेल तर मात्र अजूनही कोड लिहिणारा माणूस लागतो, म्हणजे प्रोग्रामर पूर्ण सुटत नाही, पण लेखाची सूत्रं विषय कळणाऱ्याच्या हातात येतात आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

वाचक खरंच स्लायडर हलवतात का हा प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागाचे आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये उघड सांगितलं की लोकांना फक्त स्क्रोल करायचं असतं, आणि माऊस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत काही ठेवलं तर ते कोणी बघणारच नाही असं धरून चाला. मोबाइलवर तर हे दुपटीने खरं. म्हणून आता महत्त्वाचा निष्कर्ष आधी वाक्यात लिहायचा आणि मग ज्याला हवं त्याला खेळू द्यायचं अशीच पद्धत रुळली आहे, ती बरोबर पण आहे.

मराठीत हे करताना काही अडचणी आपल्या स्वतःच्या आहेत. जावास्क्रिप्ट १२३ अशा देवनागरी आकड्यांना संख्या मानत नाही, त्यामुळं तक्त्यात इंग्रजी अंक ठेवून फक्त दाखवताना देवनागरी करावे लागतात. अक्षरं एकेक सुटी करून अॅनिमेशन केलं की जोडाक्षरं मोडतात. नकाशाचा घोळ वेगळाच: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे, पालघर झाला २०१४ मध्ये, म्हणून ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर जनगणनेचा डेटा टाकला की पालघर रिकामा राहतो आणि ठाण्याचा आकडा पालघरसकटचा असतो, हे तळटीपेत लिहिलं नाही तर वाचकाची चक्क दिशाभूल होते. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालेलं, नावावरून जुळवणी केली तर हे जिल्हे गळतात, जिल्ह्याच्या ठरलेल्या कोड क्रमांकावरून केलेली बरी.

शेवटची गोष्ट टिकाऊपणाची. आयबीएमचं मेनी आइज हे चार्ट बनवायचं संकेतस्थळ २००७ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये बंद पडलं, तक्त्यांवरून नकाशे बनवून देणारं गूगलचं फ्यूजन टेबल्स ३ डिसेंबर २०१९ ला बंद झालं, आणि त्याच्यावर नकाशे टांगलेल्या जुन्या बातम्यांत आता ती जागा मोकळी दिसते. आयडिल इथं उजवं ठरतं कारण त्यातून साध्या वेब फाइली तयार होतात, त्या कुठल्याही सर्व्हरवर ठेवता येतात. एम्बेडवाली टूल्स वापरायची असतील तर मूळ सीएसव्ही फाइल (म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल) आणि चार्टचं स्थिर चित्र दोन्ही स्वतःकडे जपून ठेवावं, आणि ते चित्र जमल्यास लेखातच एम्बेडच्या मागं पर्याय म्हणून लावून टाकावं.