प्लेस्टेशन-२ आणि होमब्रू : कुलपात राहून गेलेल्या वाटांची पार्श्वभूमी

सोलापुरात दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे सामान खाली येते, त्यात अलीकडे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे, सोनी कंपनीचे प्लेस्टेशन-२ हे काळे यंत्रही दिसू लागले आहे. वायर जोडली की दिवा लागतो, पडद्यावर मेनू येतो. मात्र डिस्क घातली की ती नुसतीच फिरत राहते आणि अखेरीस ती वाचता येत नसल्याचा संदेश उमटतो. पंधरा-वीस वर्षांचा वापर आणि आपल्याकडची धूळ यांनी डिस्क वाचणारी लेन्स थकलेली असते, बाकीचे यंत्र धडधाकट असते. आमच्या घरच्या यंत्राची अशीच अवस्था झाली होती. नवी पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात ते नेले, तेव्हा कारागिराने लेन्सचा विषयही काढला नाही. त्याने फक्त एक मेमरी कार्ड, म्हणजे गेममधील प्रगती साठवणारे छोटे कार्ड, खोचले, आणि यंत्र सुरू होताच कंपनीच्या मेनूच्या जागी एक वेगळाच मेनू उभा राहिला. त्या मेनूतून पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅम चालत होते. कंपनीच्या परवानगीवाचून, हौशी लोकांनी स्वतः लिहून अशा यंत्रावर चालवलेल्या सॉफ्टवेअरला ‘होमब्रू’ म्हणतात. हे कार्ड शक्य कसे झाले, याची हकिगत चाळीस वर्षे मागे जाते.

सोलापूरच्या माणसाला या प्रश्नाचे मूळ समजायला फार लांब जावे लागत नाही. चादरीच्या मागावरील जेकार्डला छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ चढवली की त्या छिद्रांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी विणली जाते. जोसेफ मारी जकार याने फ्रान्समधील लियाँ शहरी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती पुढे संगणकाच्या पंच कार्डांचीही पूर्वज ठरली. माग एकच राहतो, पत्ते बदलले की नक्षी बदलते, आणि माग ज्याचा त्याने कोणते पत्ते लावावेत हे माग बनवणारा ठरवत नाही. गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीवर गेम खेळण्याचे असे यंत्र, हाही मुळात असाच माग आहे, आणि कॅसेट किंवा डिस्क हे त्याचे पत्ते आहेत. फरक एवढाच, की येथे माग बनवणाऱ्याने पत्ते तपासणारा पहारेकरी यंत्रातच बसवला. होमब्रूचा सारा इतिहास या पहारेकऱ्याभोवती फिरतो.

सुरुवातीला हा पहारेकरी नव्हता. १९७७ साली बाजारात आलेल्या अटारी २६०० या कन्सोलवर कोणीही कॅसेट बनवू शकत असे. अटारी कंपनीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढून नेमके तेच केले. पुढे निकृष्ट गेमांचा पूर आला आणि १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील हा धंदा कोसळला. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आपले यंत्र अमेरिकेत आणताना यातून धडा घेतला, आणि यंत्रात एक व प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशी चिपांची जोडी बसवली. दोन्ही चिपा एकाच वेळी एकच गणित करीत आणि उत्तर जुळले नाही, तर यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत राही. कारण दर्जाचे सांगितले गेले आणि ते काही प्रमाणात खरेही होते. पण या कुलपामुळे कोणत्या कंपनीने वर्षाला किती गेम काढायचे, हेही निन्टेन्डोच्या हाती आले. ग्राहकाचे संरक्षण आणि बाजारावरची पकड या दोन गोष्टी पहिल्या कुलपापासूनच एकमेकींत मिसळलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे वाद समजत नाहीत.

निन्टेन्डोचे १९८३ चे मूळ जपानी यंत्र, म्हणजे फॅमिकॉम, यात मात्र ही चिप नव्हती. तैवान आणि चीनमध्ये बनलेल्या त्याच्या नकला नव्वदच्या दशकात भारतभर पसरल्या, त्या या बिनकुलपाच्या यंत्राच्या. सोलापुरात यंत्रमागावर किंवा विड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या घरांतील मुलांनी ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जो डबा टीव्हीला जोडला, तो बहुधा असाच होता. कॅसेट खोचली की ती चालते, न चालली तर फुंकर मारून पुन्हा खोचायची, एवढाच नियम त्या पिढीला ठाऊक होता. त्यामुळे यंत्र माझे असूनही ते माझी कॅसेट नाकारू शकते, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली.

ती आली सोनीच्या प्लेस्टेशनबरोबर. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलेल्या या यंत्राच्या अस्सल डिस्कच्या आतल्या कडेला खाच किंचित नागमोडी केलेली असे आणि त्या वळणांत डिस्क कोणत्या प्रदेशासाठी आहे याची खूण दडवलेली असे. घरच्या सीडी रायटरला ती उमटवता येत नाही. मग बाहेरून बसवलेली एक छोटी चिप तीच खूण यंत्राला ऐकवू लागली आणि ‘चिप बसवलेले’ हा शब्दप्रयोग बाजारात रुळला. या चिपांचा बहुतेक उपयोग नकली डिस्क चालवण्यासाठीच झाला, हे मान्य केले पाहिजे. सोनीने स्वतः मात्र हौशी प्रोग्रॅमरांसाठी ‘नेट यारोझे’ नावाचे काळ्या रंगाचे वेगळे प्लेस्टेशन विकले होते, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण लोकांना स्वतःचे प्रोग्रॅम लिहायचे आहेत, हे कंपनीलाही तेव्हाच कळले होते.

प्लेस्टेशन-२ जपानात ४ मार्च २००० रोजी आले. सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर, ३२ मेगाबाइट स्मृती आणि डीव्हीडी चित्रपट पाहण्याची सोय असलेले हे यंत्र १५ कोटींहून अधिक खपले. आजवर इतका खप दुसऱ्या कोणत्याही घरगुती कन्सोलच्या वाट्याला आलेला नाही. भारतात ते दीर्घकाळ टिकले. २००९ साली हनुमानाच्या कथेवर भारतात तयार झालेला गेम निघाला तोही याच यंत्रावर. यंत्राचे उत्पादन २०१३ च्या आरंभी थांबले. हौशी लोकांसाठी सोनीने २००२ मध्ये हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि माउस यांसह लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा संच विकायला काढला होता. पण त्यावर केलेला प्रोग्रॅम तसाच संच नसलेल्या मित्राच्या यंत्रावर चालत नसे.

कुलूप कोठून उघडले, हा या साऱ्या हकिगतीतील सर्वांत शिकवणारा भाग आहे. पहिली प्रसिद्ध वाट २००३ साली सापडली. प्लेस्टेशन-२ वर जुन्या प्लेस्टेशनचे गेमही चालत असत, आणि त्यांतील काहींसाठी लागणाऱ्या खास सूचना यंत्र मेमरी कार्डवरील एका छोट्या यादीतून वाचत असे. त्या यादीतील मजकुराची लांबी ते तपासत नसे. ठरलेल्या जागेत न मावणारा मजकूर लिहिला, की तो स्मृतीत शेजारच्या भागावर सांडतो आणि नेमका सांडवता आला, तर यंत्र आपल्या प्रोग्रॅमकडे वळते. यासाठी यंत्र फोडावे लागत नव्हते, चिप लागत नव्हती. जुन्या प्लेस्टेशनची एक अस्सल डिस्क आणि एक कार्ड पुरत असे. मात्र प्रत्येक वेळी ती डिस्क घालावी लागे, म्हणजे लेन्स थकली की ही वाटही बंद.

२००८ मध्ये आलेल्या ‘फ्री मॅकबूट’ या मेमरी कार्डावरच्या सॉफ्टवेअरने ती अडचण दूर केली. अगदी पहिल्या जपानी यंत्रांत डीव्हीडी पाहण्याचे सॉफ्टवेअर मेमरी कार्डवरून चाले, आणि त्यात सुधारणा करता यावी म्हणून यंत्र सुरू होतानाच कार्डावर नवी आवृत्ती आहे का, हे पाहण्याची सोय सोनीने ठेवली होती. सोय पुढच्या यंत्रांतही राहिली, आणि त्या जागी होमब्रू बसवता येते हे हौशी लोकांनी ताडले. अशी फाइल त्या-त्या कार्डाच्या गुप्त किल्लीशी, म्हणजे सांकेतिक आकड्याशी, बांधलेली असते. म्हणून एका कार्डावरून दुसऱ्यावर नुसती नक्कल करून भागत नाही, तर यंत्राकडूनच ती त्या कार्डासाठी बांधून घ्यावी लागते. परिणामी पहिले कार्ड तयार करायला आधीच तयार असलेले कार्ड किंवा चिप बसवलेले यंत्र लागे. पेठेत एकाकडे असे कार्ड आले, की त्यावरून दहा जणांची तयार होत, आणि आमच्या शहरात ही विद्या अशी हातोहातच पसरली.

सोनीने २००८ मध्येच, यंत्राच्या ९०००० या मॉडेल-मालिकेच्या मधल्या टप्प्यावर, सुरू होताना कार्ड पाहण्याची ही सोय काढून टाकली. त्यानंतरच्या यंत्रांसाठी पुढे मेमरी कार्डवरील सेव्हच्या, म्हणजे साठवलेल्या गेमच्या, चित्रखुणेतून शिरणारी वाट सापडली. जून २०२० मध्ये तर यंत्रातील डीव्हीडी प्लेअरमधलीच चूक जाहीर झाली आणि साध्या कोऱ्या डीव्हीडीवर चित्रपटासारखी जुळणी लिहून ती घातली, की प्रोग्रॅम चालू लागला. पहिल्या कार्डाचा प्रश्न तेथे संपला. जुने गेम चालावेत, सॉफ्टवेअर सुधारता यावे, चित्रपट पाहता यावा, अशा ज्या तीन सोयी कंपनीने ग्राहकासाठी ठेवल्या, त्यांतूनच तीन मोठ्या वाटा निघाल्या. मला यात चोरापेक्षा चिकाटीच्या वाचकाचे काम अधिक दिसते. कंपनीने यंत्र जसे लिहिले, तसे ते ओळीनिशी वाचणारे लोक होते म्हणून हे घडले.

याच काळात इतर यंत्रांचीही कुलपे उघडत होती. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलमधील गुप्त किल्ली अँड्र्यू हुआंग या संशोधकाने २००२ मध्ये दोन चिपांमधील तारांवरून जाणारे संकेत टिपून मिळवली. त्या यंत्रासाठी हौशी लोकांनी लिहिलेला मीडिया प्लेअर आज ‘कोडी’ या नावाने टीव्हीच्या असंख्य डब्यांवर चालतो. निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलच्या किल्ल्या तर सर्किटवरील दोन बिंदू साध्या चिमट्याने जोडून वाचल्या गेल्या.

आता कार्डाच्या उपयोगाकडे वळू. फ्री मॅकबूटच्या मेनूतून चालणाऱ्या ‘ओपन पीएस-२ लोडर’ या प्रोग्रॅममुळे डिस्कमधील गेमची प्रत पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून चालवता येते. पेनड्राइव्ह स्वस्त खरा, पण यंत्राचे यूएसबी जुन्या १.१ पद्धतीचे असल्याने सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट मजकूर येतो आणि गेममधील चित्रफिती अडखळतात. नेटवर्कची वायर हा त्यावर चांगला उपाय आहे. शिवाय पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून मोठे गेम तुकडे करून ठेवावे लागतात. याखेरीज जुन्या सेव्हच्या प्रती काढून ठेवणे, इतर यंत्रांचे गेम चालवणारे प्रोग्रॅम आणि हौशी लोकांनी नव्याने लिहिलेले गेम, हेही याच मेनूतून होते. माझ्या दृष्टीने सेव्हची प्रत ही यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आठ मेगाबाइटच्या त्या कार्डांत एकेका घरातील भावंडांच्या सबंध उन्हाळी सुट्ट्या आहेत, आणि कार्ड बिघडले की त्या परत मिळत नाहीत.

कायद्याची बाजू टाळून हा विषय मांडणे बरोबर नाही. न विकत घेतलेले गेम उतरवून पेनड्राइव्हवर भरून देणे ही नक्कलच आहे आणि होमब्रूच्या नावाखाली ती झाकली जाऊ नये. पण कुलूप उघडणे आणि नक्कल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतीय कायदा हा भेद ओळखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्काचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचा तांत्रिक उपाय मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. परंतु कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी तसे करण्यास ते कलम आडकाठी करीत नाही. कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचावासाठी तात्पुरती प्रत काढण्याची आणि इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा अटींसह दिलेली आहे. दुरुस्तीवाल्यांसाठी ६५अ मधील आणखी एक अट महत्त्वाची आहे : दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची नोंद ठेवायची असते. दुकानात एक वही ठेवण्याइतकेच हे काम आहे.

जुने यंत्र विकत घेणाऱ्याला या साऱ्या इतिहासाचा धागा यंत्राच्या मागच्या लेबलवर सापडतो. तेथे एससीपीएच या अक्षरांपुढे मालिकेचा क्रमांक असतो. तो ९०००० च्या खालचा असेल तर फ्री मॅकबूटचे कार्ड चालते. ९०००० मालिकेतील यंत्र असेल तर शेजारची तारीख-खूण पाहायची, जिच्यातील आकडा उत्पादनाचे वर्ष आणि अक्षर त्या वर्षातील तिमाही दाखवते. ‘८बी’पर्यंतच्या यंत्रात जुनी सोय शिल्लक असते, ‘८डी’ आणि पुढच्या यंत्रात ती नसते, आणि ‘८सी’ असल्यास दुकानातच कार्ड खोचून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.