जोड्या लावणे (पत्त्यांचा खेळ)

उपड्या मांडलेल्या पानांतली दोन उलटून पाहायची, सारखी निघाली तर उचलायची, नाहीतर होती तिथेच पुन्हा उपडी ठेवायची, असा हा स्मरणशक्तीचा खेळ. हातात पाने धरायची नाहीत, हुकूम नाही, त्यामुळे झब्बू किंवा मेंढीकोट कळण्याच्या कितीतरी आधी मुलाला तो शिकवता येतो. त्याचे ‘पेल्मनिझम’ हे इंग्रजी नाव लंडनमधल्या स्मरणशक्तीचे धडे देणाऱ्या पेल्मन संस्थेवरून पडले. जपानीत त्याला ‘शिंकेई-सुइजाकू’, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, म्हणतात. बावन्न पानांचा एक डाव खेळून उठलेल्या माणसाला हे नाव पटावे. राव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीने १९५९ साली चित्रांच्या जोड्यांचा ‘मेमरी’ हा खेळ बाजारात आणला, पण त्यासाठी वेगळा डबा विकत घेण्याची गरज नाही. घरातला जुना कॅट पुरतो. मात्र एखाद्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल तर तेवढे एक पान सगळ्यांनाच पाठ होते.

बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड शाळेतली मुले एकत्र खेळतात. तिथे या खेळाची एक सोय लक्षात येते: तो बोलून शिकवावा लागत नाही. मराठीत पत्त्याला ‘पान’, कन्नडात ‘एले’, म्हणजे तेही पानच. आणि ‘जोडी’ हा शब्द तर दोन्हीकडे एकच. एक डाव बघितला की नियम कळतो. त्यानंतर ऐकू येते ते बहुधा ‘कुठं बघूलालास रे, खाली बघ की!’ एवढेच. पत्ते दिसले की जुगाराची शंका घेणारी वडीलधारी माणसेही या डावाला हरकत घेत नाहीत. कणकुंबीकडच्या पावसात दिवसच्या दिवस घरात अडकलेल्या मुलांना गप्प बसवायला तो बरा पडतो.

मांडणी हा अर्धा खेळ आहे. पाने चांगली पिसून १३ पानांच्या चार सरळ ओळी लावतात. शहाबादी फरशीवर सांध्याला धरून ओळी नीट राहतात; घोंगड्यावर पाने सरकत नाहीत, पण उलटताना अडकतात. पंखा बंद करावा. जोडी उचलल्यावर तिची जागा रिकामीच ठेवायची, उरलेली पाने जवळ सारायची नाहीत. बहुतेक भांडणे इथेच होतात, कारण पान सरकले की इतरांनी ध्यानात ठेवलेली जागा पुसली जाते.

जोडी कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे लागते. सोप्या डावात कोणत्याही दोन सत्त्या चालतात. तेव्हा पहिल्याच खेपेला आंधळेपणाने जोडी जुळण्याची शक्यता १७ त १ असते. कडक डावात रंगही जुळावा लागतो, बदाम सत्तीला चौकट सत्तीच हवी. मग ती ५१ त १ होते. जोडी लागली की पुन्हा खेळायला मिळते.

शिकवताना एक्का ते छक्की अशी प्रत्येकी दोन, एकूण बारा पाने घ्यावीत. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली माणूस एका वेळी साधारण सातच्या आसपास गोष्टी ध्यानात धरू शकतो असे मांडले होते, त्यामुळे सुट्या सुट्या जागा पाठ करण्यात अर्थ नाही. ‘दुसऱ्या ओळीत भिंतीकडून तिसरे’ असा पत्ता मनात म्हणावा, किंवा शेजारशेजारची दोन-तीन पाने एकत्र लक्षात ठेवावीत.

नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे माहीत असलेले पान आधी उलटणे. कोपऱ्यात सत्ती आहे हे ठाऊक असताना तीच उचलली, तर जोडीदार शोधायला एकच आंधळी संधी उरते. आधी अनोळखी पान उलटावे. ती सत्ती निघाली तर मगच कोपऱ्याकडे जावे. पुढची पायरी जराशी लबाडीची. पहिले पान बिनकामाचे निघाले, तर दुसरे मुद्दाम आधी पाहिलेलेच उलटायचे, म्हणजे समोरच्याला नवे काही कळत नाही. उरी झ्विक आणि मायकेल पॅटर्सन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९३ साली गणिताने दाखवले की चोख स्मरणशक्तीच्या खेळाडूंमध्ये अशी चाल कित्येकदा खरोखरच फायद्याची ठरते. लहान मुलांना मात्र हे लवकर सांगू नये; पाने उघडी पडण्यातच त्यांची मजा असते.

झालेली पाने ध्यानात ठेवण्याची कसोटी या भागाला नवी नाही. आंबोली घाट उतरले की सावंतवाडी, तिथली गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तिथे कोणते पान पडून गेले याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो, जोड्यांत कोणते कुठे पडून आहे याचा.

शेवटी ज्याच्याकडे जास्त जोड्या तो जिंकतो. बावन्न पानांत २६ जोड्या होतात, म्हणून दोघांत १३-१३ अशी बरोबरी होऊ शकते. ती टाळायची असेल तर दोन्ही जोकर घालतात; मग जोड्या २७ होतात, आणि मांडणी नऊ-नऊ पानांच्या सहा ओळींची.