पापण्यांची उचल व रंजन

पापणीच्या केसांना (पक्ष्म) रसायनाने वर वळण देऊन ते काही आठवडे टिकविणे म्हणजे उचल. त्यांवर गडद रंग चढविणे म्हणजे रंजन. तालुक्याच्या पार्लरमध्ये दोन्हींना ‘लॅश लिफ्ट’ व ‘टिंट’ म्हणतात. मराठीत डोळ्याच्या झाकणालाही पापणीच म्हणतात, त्यामुळे ‘पापणी उचलणे’ ऐकताच शस्त्रक्रियेचा समज होतो. येथे केसच अभिप्रेत आहेत. वऱ्हाडीत ळ चा य व ण चा न होत असल्याने गावात ‘डोया’, ‘पापनी’, ‘काजय’ अशी रूपे ऐकू येतात.

उगम : या प्रथेचा धागा काजळाशी जोडण्याकडे अनेकांचा कल असतो. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरायची, जमलेली काजळी तुपात घोटून डबीत भरायची, ही रीत खेड्यांत जुनीच. परंतु काजळी वरवर बसते व धुतली की जाते. केसाची घडण ती बदलत नाही. म्हणून उचलीचे मूळ केस कुरळे करण्याच्या तंत्रात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकाराने लंडनमध्ये उष्णतेने टिकाऊ कुरळेपणा आणून दाखविला, तो 1905 मध्ये. काहींच्या मते 1906 मध्ये. तापलेली नळी डोळ्याशेजारी नेणे अर्थातच अशक्य होते. थायोग्लायकोलेट हे गंधकयुक्त रसायन वापरून उष्णतेविना केस वळविण्याची पद्धत 1940 च्या सुमारास पुढे आली. आजची उचल तिच्याच वंशातली.

क्रिया : केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या जोडबंधांनी बांधलेल्या असतात. केस सिलिकोनच्या वक्र पट्टीवर चिकटवून पहिला द्राव लावला की यांतील काही बंध तुटतात. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असलेल्या दुसऱ्या द्रावाने ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. पहिला द्राव जास्त वेळ राहिल्यास केस वेडेवाकडे व ठिसूळ होतात. जुने केस गळून नवे येत असल्याने परिणाम साधारण सहा ते आठ आठवडेच राहतो.

रंजनाचा इतिहास अधिक सावध करणारा आहे. अमेरिकेत 1933 च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ या रंगाने डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. 1938 च्या सौंदर्यप्रसाधनविषयक कायद्यामागे ही प्रकरणेही होती. ‘लॅश ल्युअर’मधील घातक घटक पॅरा-फेनिलिनडायअमीन. हाच पदार्थ केसांच्या काळ्या रंगात व बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त सापडतो. लग्नात काळ्या मेंदीने हाताला फोड आले असतील, तर असे रंजन करूच नये. एरवीही एक-दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून पाहणे आवश्यक असते.

निगा : पहिले 24 ते 48 तास पाणी, वाफ, तेल व मस्कारा वर्ज्य. चुलीवर भाताचे झाकण काढताना तोंडावर येणारी वाफही यात आली. हळदीला डोक्यावरून पाणी पडते, म्हणून नवरीची उचल हळदीच्या निदान दोन दिवस आधी उरकलेली बरी. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा पापण्यांवर घासू देऊ नये. घाम चोळून न पुसता टिपावा. घरचे तुपातले काजळ दोन दिवसांनंतर चालते, पण पालथे झोपणे तेवढे टाळावे. डोळा लाल असेल, रांजणवाडी आली असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर क्रिया पुढे ढकलतात. खालच्या पापणीची उचल क्वचितच करतात.