राष्ट्रीय उत्सर्जन-लक्ष्ये

हरितगृह वायूंचे उत्सर्जन कोणत्या वर्षापर्यंत किती रोखायचे, याबाबत देशाने दिलेले जाहीर वचन. 2015च्या पॅरिस करारानुसार हे लक्ष्य प्रत्येक देश स्वतः ठरवतो. भारताने ऑगस्ट 2022मध्ये सुधारलेल्या वचनानुसार सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन-तीव्रता 2030पर्यंत 2005च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवायची आहे. निव्वळ शून्यासाठी, म्हणजे जितके उत्सर्जन तितकेच शोषले जाण्यासाठी, 2070 साल धरले आहे.

तीव्रता म्हणजे उत्पादनाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन. उत्पादन दुप्पट झाले आणि तीव्रता 45 टक्क्यांनी उतरली, तरी एकूण उत्सर्जन 10 टक्क्यांनी वाढलेलेच असते. त्यामुळे हा आकडा उचलून जिल्ह्याला लावणे चूक. कोल्हापुरात आधी स्रोतवार मोजणीच करायला हवी.

इथला मोठा स्रोत ऊस, आणि हिशेब बहुधा तिथेच चुकतो. साखर कारखान्यात बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या खात्यात धरत नाहीत, कारण तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. शेतात पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवल्यावरही तेच. मात्र दोन्हीकडचे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजावेच लागतात. खताचा वाटा तर सहज निसटतो. सुरू (हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या) उसाला एकरी 100 किलो नत्र, म्हणजे युरियाची पावणेपाच-पाच पोती लागतात. त्यातले सुमारे 1 टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. हा वायू होतो 1.57 किलो; तो कार्बन डायऑक्साइडच्या 265 पट तापवतो असे धरून 265ने गुणले की एकरी सुमारे 416 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. पाचट न जाळता सरीत कुजवले आणि युरिया हप्त्यांनी, मातीआड दिला, तर धूर थांबतो आणि नत्रही कमी वाया जाते. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि त्याला पहिला मान द्यायला हवा.

शिरोली, गोकुळ शिरगाव या इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड वितळवणारी क्युपोला भट्टी काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, की आवारातले उत्सर्जन जवळजवळ संपते. पण ग्रिडच्या दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वीजकेंद्रात निघतोच. वीजबिलाचे युनिट न जोडता 'घट' दाखवणे ही नेहमीची चूक. कोळशाऐवजी छतावरच्या सौरपॅनेलची वीज आली, तर ती घट खरी.

म्हशींचे मिथेनही विसरू नये: आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2006च्या मार्गदर्शिकेतला गुणांक एका म्हशीमागे वर्षाला 55 किलो आहे.