नवतप्यातली हवा आणि श्रीनगरचं आकाश

वायुसेनानगरावर वायुदलाच्या सूर्यकिरण या कसरतपथकाची विमानं घिरट्या घालू लागली की अर्धं नागपूर गच्चीवर चढतं. अरुंद वळणाला टाळ्या पडतात, पण त्या वळणात आत बसलेल्याचं काय होतं हे फारसं कुणी विचारत नाही. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांची शेवटची झुंज अशा वळणांचीच होती.

१४ डिसेंबर १९७१. पेशावरहून आलेली पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकत होती. १९६७ साली वायुदलात रुजू झालेल्या, विशीतल्या सेखोंनी त्या माऱ्यातच आपलं नॅट हे छोटं लढाऊ विमान उडवलं. ते नागपूरच्या 'आपली बस' या शहर बससेवेच्या मोठ्या गाडीहूनही आखूड, पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर.

श्रीनगरचा विमानतळ सुमारे १६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, पण थंडीने हवा आकसते आणि घनता थोडी भरून निघते. तापमान शून्य अंश धरलं तर एक घनमीटर हवेचं वजन भरतं साधारण १.०६ किलो. आता नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांतल्या, भर दुपारी, ४५ अंशांत, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा हिशेब मांडा. उत्तर जवळपास तेच! (कूलरसमोर बसून हे पटणं कठीणच.) समुद्रसपाटीला, १५ अंशांत, हाच आकडा १.२२५ असतो. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला विमानाला जास्त वेग गाठावा लागतो, म्हणजे धावपट्टीवर जास्त पळावं लागतं. तेही बॉम्ब पडत असताना.

शत्रूच्या मागे लागायचं तर त्याच्याहून अरुंद वळायला हवं. ताशी ६०० किलोमीटर वेगाने, ४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट भार, सोसत वळलं तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७३५ मीटर होते. ६ जी सोसले तर ४८०. त्याची किंमत रक्त मोजतं. हृदयापासून डोळे साधारण ३० सेंटीमीटर वर. एरवी तेवढ्या चढात रक्तदाब पाऱ्याच्या २३ मिलीमीटरने उतरतो, ५ जीला तो ११० हून जास्त उतरतो. हृदयाकडचा वरचा रक्तदाब असतो १२० च्या घरात! डोळ्याला स्वतःचा आतला दाब असल्यामुळे रक्त आधी तिथे अडतं. म्हणून शुद्ध असतानाच रंग उडतात, नजर करडी होते, मग काळोख. पाय आणि पोट आवळून धरलं, त्यावर जी-सूटने, म्हणजे पाय-पोट आवळणाऱ्या खास पोशाखाने, दाब दिला, तर थोडंफार निभावतं.

परमवीरचक्राच्या मानपत्रात एका सेबरला गोळे लागल्याची आणि दुसऱ्याला आग लागल्याची नोंद आहे. झुंज झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर चालली होती. उंची असली की सूर मारून वेग मिळवता येतो, पॅराशूट उघडायलाही सवड मिळते. इथे दोन्ही नव्हतं, आणि समोर संख्येने जास्त विमानं. सेखोंचं नॅट दरीत कोसळलं. वायुदलात परमवीरचक्र आजवर त्यांना एकट्यालाच मिळालं आहे.